काचेवरचं ऊन

मंद्रूपला एप्रिल-मेच्या दुपारी उभ्या केलेल्या गाडीचं दार उघडलं की आतली वाफ तोंडावर येते. सीना आणि भीमा यांच्यामधल्या आमच्या या पट्ट्यात पारा त्रेचाळीसच्या वर जाणं नवीन नाही. त्यामुळे विजयपूर रस्त्यावरची गाडी एमएच १३ची असो की केए २८ची, काचांवर फिल्म लावायला आलेल्या गिऱ्हाईकाची मागणी एकच: "मालक, एकदम काळी मारा!"

काळी म्हणजे थंड, असंच मीही धरून चाललो होतो. सोलापुरात ज्यांच्या हाताखाली फिल्म बसवायला शिकलो, त्या अण्णांनी सुरुवातीलाच हॅलोजनचा दिवा लावला आणि काचेचे दोन तुकडे पुढ्यात ठेवले. एकावर स्वस्तातली गडद फिल्म, दुसऱ्यावर जवळजवळ पारदर्शक सिरॅमिक. "मागं हात धर," म्हणाले. गडद काचेमागे तळहात चटकायला लागला. पारदर्शक काचेमागे तोच हात निवांत राहिला. उन्हातल्या ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो, आणि तो अडवायला काळोख करावा लागत नाही.

मग पाणी. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. फिल्म बसवताना तेच फवारलं तर वाळल्यावर फिल्म आणि काच यांच्यामध्ये पांढुरके डाग राहतात, ते पुन्हा निघत नाहीत. म्हणून जारचं पाणी आणि त्यात बेबी शाम्पूचे थोडे थेंब. फरशी ओली करायची, पंखा बंद. टर्किश टॉवेल तर काचेजवळ आणायचाच नाही, मग तो आमच्या सोलापूरचा का असेना. त्याचा एक धागा आत अडकला की बसवलेला अख्खा तुकडा काढून टाकावा लागतो.

सगळ्यात अवघड मागची काच. ती दोन्ही अंगांनी वाकलेली, फिल्म मात्र सपाट. आधी काचेच्या बाहेरून फिल्म पसरायची आणि हीट गनने तिला काचेचा आकार द्यायचा. फिल्म रोलच्या लांबीच्या दिशेनेच नीट आवळते, म्हणून रोल काचेवर आडवा सोडायचा आणि जादाचा माल वरच्या-खालच्या कडेला उभ्या सुरकुत्यांत गोळा करायचा. मग गन सतत हलती ठेवत एकेक सुरकुती बसवायची. उष्णता एका जागी थांबली तर फिल्म करपते, काचही तडकू शकते. मागच्या काचेवर आतून डिफॉगरच्या तारा असतात, तिथे ब्लेड लावायचं नाही. सुरकुती आवळून सपाट होताना हाताला जो अंदाज येतो, तो कुणी तोंडी सांगून येत नाही. अण्णा माझं मनगट धरून गन फिरवायचे, तेव्हा कुठे कळलं.

कायदाही त्यांनीच शिकवला. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काचेवर फिल्म लावायलाच बंदी केली. पुढे नियम बदलले, १ एप्रिल २०२१पासून सेफ्टी ग्लेझिंगच्या तरतुदी आल्या, आणि या मर्यादेत बसणारी फिल्म चालते असं केरळ उच्च न्यायालयाने २०२४मध्ये सांगितलं. पण मर्यादा मोजायची ती काच आणि फिल्म मिळून. मूळ काचेतूनच ८० टक्के प्रकाश येत असेल, तर ७० टक्क्यांची फिल्म लावल्यावर उरतो ५६ टक्के. बाजूच्या काचेला हे पास, पुढच्या-मागच्या काचेला नापास. पाकिटावरचा आकडा दाखवून माल खपवणारे हा हिशोब सांगत नाहीत, आणि नाक्यावर दंड भरतो गाडीवाला. याची मला मनापासून चीड आहे.

गडद फिल्म मी लावत नाही. रात्री रस्त्याकडेने चाललेला माणूस किंवा उसाचा ट्रॅक्टर दिसला नाही, तर त्या काळेपणाला काय अर्थ? गिऱ्हाईक परत जातं, जाऊ दे.

तुम्ही फिल्म लावायला कुठेही जा, काम झाल्यावर टिंट मीटर प्रत्येक काचेवर लावून आकडा दाखवायला सांगा आणि तो बिलावर लिहून घ्या. नंतर चार-पाच दिवस काच खाली करू नका.