डाव्या कानाचं माप

कळव्याला फास्ट थांबत नाही. ठाण्याला उतरून धक्के खायचे नसतील तर सीएसएमटीपर्यंत तासभर तरी स्लो लोकल, आणि सोबतीला इयरफोन. जुन्याची एक बाजू मुकी झाली, म्हणून नवा घेतला. वायरचाच, साडेतीन मिलिमीटर पिनचा. चार्जिंगची कटकट नाही आणि गर्दीत एक कानातून निसटला तरी गळ्यात लोंबतो.

दुकानदार ड्रायव्हर, म्हणजे आतला इवलासा स्पीकर, किती मिलिमीटरचा ते सांगत होता. मला विचाराल तर स्वस्तातल्या मालात खरा फरक पाडतात त्या रबरी टोप्या. कानाची पोकळी नीट बंद झाली नाही तर सगळ्यात आधी खर्ज गळतो, मग हजाराचा काय नि पाचशेचा काय. म्हणून पारख तबल्यावर करावी: डग्ग्याची घुमक पोकळ वाटली की टोपी बदलायची. माझ्या उजव्या कानाला मधली बसते, डाव्याला लहान. दोन्ही कान सारखे असलेच पाहिजेत असं थोडंच आहे! वायर कानामागून फिरवली की शर्टाला घासल्याची खरखरही कमी होते.

टोपी घट्ट बसली की डब्यातला गोंगाट आपोआप दबतो, आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक मानते. फलाटावर मात्र मी एक कान मोकळा ठेवते. गाडी कुठल्या फलाटावर येतेय ते ऐकायला हवंच.