मंडईच्या रात्रीसाठी कॅमेरा

दिवाळीची सुट्टी लागण्याच्या सुमारास दरवर्षी एखादा विद्यार्थी आमच्या घरी येतो, थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलतो आणि मग विचारतो, "सर, मॅडम, कॅमेरा घ्यायचा आहे. कोणता घेऊ?" अलीकडे या प्रश्नाचे रूप बदलले आहे. आता तो विचारतो की, नागपुरात जुना डीएसएलआर स्वस्तात मिळतो आहे, तर घेऊ की नको? मोठ्या जपानी कंपन्यांचे लक्ष आता आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे जुने कॅमेरे बाजारात पुष्कळ आले आहेत. आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. छायाचित्रण हा काही आमचा विषय नव्हे. तरीही उत्तर देण्याचा थोडासा अधिकार आम्हांस प्राप्त झाला आहे तो २०१० साली आम्ही स्वतः केलेल्या एका चुकीच्या खरेदीमुळे.

त्या वर्षी सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता हाती आला होता. आमच्यातील एकीचा अभ्यासविषय झाडीपट्टीची दंडार, तर दुसऱ्याचा आधुनिक कविता. चंद्रपूर-गडचिरोलीच्या या भागात दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. दिवसा चौकात दंडार उभी राहते आणि रात्री कनातीत नाटक रंगते ते पहाटेपर्यंत. वडसा येथील नाट्यमंडळ्यांचा व्याप महाराष्ट्रास आता ठाऊक झाला आहे. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाल्यावर तर पुण्यामुंबईकडील मित्रही झाडीपट्टीविषयी विचारू लागले. पण दंडार ही या नाटकाची वडीलधारी, आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नव्हते. पुरुषांनीच स्त्रीवेश घेऊन रात्र जागवणारी ही मंडळी वयस्क होत चालली होती. गीतांच्या वह्या आम्ही उतरवून घेतल्या होत्या, ध्वनिमुद्रणेही केली होती. चेहरे तेवढे राहिले होते. कॅमेरा हवा होता तो त्यासाठी.

नागपूरच्या दुकानदाराने आम्ही कोठून आलो एवढेच विचारले. चंद्रपूरकडचे म्हणताच तो हसला, "मग वाघच काढणार!" आणि त्याने काचेवर दोन झूम लेन्सचा संच मांडला. एक १८ ते ५५ मिलिमीटरची आणि दुसरी २५० पर्यंत जाणारी. आम्ही दंडारीचे नाव काढले नाही. याचे कारण आज प्रामाणिकपणे सांगायला हवे. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आमच्या गावापासून ते काही दूर नाही, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आम्हांला वाघाविषयीच विचारतो. आपल्याही भिंतीवर आपण टिपलेला एक वाघ असावा, ही इच्छा आमच्या दोघांच्याही मनात होती. अभ्यासाचे निमित्त करून आम्ही वाघाची लेन्स घेतली. (कोणत्या कंपनीची, ते सांगत नाही. छायाचित्रकारांतील कंपन्यांची भांडणे आपल्याकडच्या वाङ्मयीन गटांपेक्षा मवाळ नसतात.) वाघ त्या हिवाळ्यात दिसला तो पाठमोरा, गवतात, दोन क्षण. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

मंडईच्या रात्री मात्र आमचे अज्ञान उघडे पडले. पूर्ण लांबवल्यावर त्या लेन्सचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे होत नाही. चौकात दोन दिवे, आणि त्यांचाही उजेड एका बाजूने. आयएसओ १६०० वर नेऊनही शटर सेकंदाचा दहावा भाग उघडे राहू लागले, आणि दंडारीत तेवढ्या वेळात माणूस गिरकी घेऊन मोकळा होतो. पन्नास चित्रे काढली. पन्नासांतही नुसते रंगांचे फराटे. शेवटी आमच्यातील एकाने फ्लॅश उघडला. साठी उलटलेले एक कलावंत त्या वेळी स्त्रीवेशात होते. तरुणपणापासून ते हीच भूमिका करीत आले होते. डोळ्यांवर तो लख्ख झोत येताच ते अडखळले, ओळ सुटली, ढोलकी क्षणभर थांबली. कोणी काही बोलले नाही. झाडीपट्टीत पाहुण्याला बोलत नाहीत. त्यांनीच ओळ पुन्हा पकडली आणि खेळ पुढे गेला. सकाळी विहिरीवर रंग धुताना भेटले तेव्हा एवढेच म्हणाले, "फोटू निंगला का जी, मास्तर?" स्त्रीवेशातले आपले एकही चित्र घरी नाही, तेवढे एक आणून द्या, अशी त्यांची मागणी होती. आम्ही शब्द दिला.

मग मात्र जे आधी वाचायला हवे होते ते आम्ही वाचले. कॅमेऱ्याची बॉडी चार वर्षांत जुनी होते, लेन्स वीस वर्षे चालते. म्हणून निवड लेन्सपासून सुरू करावी. रात्रीच्या कामाला ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची, झूम नसलेली लेन्स चालते; ५.६ च्या मानाने ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. गंमत अशी की, कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांच्या यादीत ही लेन्स अगदी स्वस्तांपैकी होती, आणि दुकानदाराने ती काचेवर ठेवलीच नव्हती. आम्ही मागितली नव्हती, हेही खरेच. एक गोष्ट विद्यार्थ्यांना आम्ही आवर्जून सांगतो. निकॉनच्या डी ४०, डी ६०, डी ३००० अशा सुरुवातीच्या बॉडींत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या घडणीची ५० ची लेन्स त्यांवर हाताने फिरवावी लागते. कॅननच्या ईएफ मालिकेत १९८७ पासून मोटर लेन्सच्या आतच असते. जुना कॅमेरा घेताना ही जोडी जुळते की नाही एवढे पाहावे. मेगापिक्सेलची चर्चा चहाबरोबर करण्यापुरती ठेवावी.

लेन्स आली. पुढच्या मंडईची आम्ही वाट पाहत होतो. भाद्रपदात निरोप आला की ते कलावंत गेले.

तेरवी झाल्यावर त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. आम्ही त्याला विहिरीवरचे चित्र दाखवले. सकाळच्या उन्हात साध्या १८-५५ च्या लेन्सने काढलेले, स्वच्छ, सुरकुती न् सुरकुती दिसणारे. अर्धा रंग उतरलेला, ओठांवर किंचित लाली. आम्हांला ते चित्र आवडते, आजही आवडते. त्याने बराच वेळ पाहिले. म्हणाला, "हे त बाबाच होत. बाई कुठी हाये?"

मग त्या पन्नास फराट्यांचे फोल्डर आम्ही संकोचाने उघडले. त्याने एकेक पाहत एकावर बोट ठेवले. गिरकीत हिरवे लुगडे गोल पसरलेले, चेहरा ओळखू न येणारा, हाताच्या जागी एक पिवळट रेघ. हेच मोठे करून द्या म्हणाला. हे नीट आलेले नाही, असे आम्ही दोघांनीही त्याला सांगून पाहिले. त्याने ऐकले नाही. ब्रह्मपुरीला जाऊन आम्ही ते छापून आणले, चौकटीत बसवले. त्याच्या घरी ते देवळीच्या वर लावलेले आहे.

५० ची ती लेन्स अजून चालते. बॉडी दोनदा बदलली. तिने काढलेली दंडारीची कितीतरी चित्रे आज आमच्यापाशी आहेत. स्पष्ट, चेहरे ओळखू येणारी, नावे-गावे लिहून ठेवलेली. यंदा आलेल्या विद्यार्थ्याला आम्ही ती सारी दाखवली आणि अखेरीस विचारले, तुला काय काढायचे आहे? तो म्हणाला, अजून ठरवले नाही. मग आधी महिनाभर आमचाच कॅमेरा घेऊन जा, असे सांगून त्याला तो दिला आहे.