पेन्शनरांच्या गावाहून

मेरिदा, स्पेन

ती. स्व. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. ‘जुन्या अवशेषांच्या उरावर नवी इमारत चढवायची आणि वर तिलाच संग्रहालय म्हणायचं, हे मला पटत नाही,’ असं तुम्ही ठणकावून लिहिलंत. म्हणून सविस्तर लिहायला बसले, नाहीतर चार फोटो पाठवून मोकळी झाले असते.

हे गाव तुम्हाला आवडेल, कारण मुळात ही पेन्शनरांची वसाहत. दोन सैन्यदलांतल्या निवृत्त शिपायांना जमिनी देऊन रोमन सम्राट ऑगस्टसने इ.स.पू. २५ मध्ये ती वसवली. पुढे ती लुसितानिया प्रांताची राजधानी झाली. ग्वादियाना नदीवरचा रोमनांचा पूल पाऊण किलोमीटरहून लांब आहे. शेजारी नवा पूल झाला आणि १९९० च्या दशकात कुठे जुन्याची मोटारींपासून सुटका झाली.

आता तुमचा मुद्दा. राफाएल मोनेओ या वास्तुकाराचं इथलं हे रोमन कलेचं संग्रहालय १९८६ मध्ये उघडलं. ते ज्या जागेवर उभं आहे, तिच्या पोटात रोमन घरं आहेत, थडगी आहेत, रस्त्याचा तुकडा आहे, पाण्याच्या पाटाचे अवशेष आहेत. ते सगळं तळघरात जिथल्या तिथे ठेवलंय आणि वरच्या इमारतीच्या भिंती सरळ त्यांच्यामधून खाली उतरतात. जुन्या घरांची दिशा एक, नव्या भिंतींची दुसरी. दोन्ही एकमेकींना तिरक्या छेदतात. हे बघून तुम्ही कपाळाला हात लावाल. मला मात्र हा प्रामाणिकपणा वाटला. कुठलं त्यांचं आणि कुठलं आपलं, याचा कुणालाही घोळ होणार नाही. आपल्याकडे जीर्णोद्धाराच्या नावाखाली दगडावर ऑइलपेंट फासतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वर गेलं की विटांच्या उंचच उंच कमानी, एकीमागे एक. वीट लांबट आणि चपटी, दोन विटांमधला चुना दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. भिंतीच्या आत काँक्रीट ओतलंय, म्हणजे रीतही रोमनांचीच. पण नक्षी, खांब, खोटा जुनेपणा काही नाही. उजेड छतातून येतो. जमिनीवरची भलीमोठी मोझाइकं भिंतींवर उभी टांगली आहेत. वरच्या सज्जातून ती अगदी समोरासमोर बघता येतात.

सम्राटांचे संगमरवरी चेहरे रीतसर पाहिले आणि पुढे सरकले. रेंगाळले ती थडग्यांच्या दगडांपाशी. एकावर लुताशिया लुपाता नावाची मुलगी कोरली आहे, वय १६. लांब मानेचं तंतुवाद्य छातीशी धरून ती ते वाजवते आहे, दोन्ही हातांची बोटं तारांवर. लुताशिया सेवेरा या बाईने आपल्या मानसकन्येसाठी तो दगड उभारला. दुसऱ्या दगडावर सेंशिया अमारांतिस, वय ४५. पिंपाच्या तोटीखाली भांडं धरून ती दारू भरते आहे. बहुधा नवरा-बायकोचा गुत्ता असावा. नवऱ्याने खाली लिहवून घेतलंय की प्रिय पत्नीबरोबर १७ वर्षं संसार केला. कामाचा पोशाख, कामाची घाई, आणि तेच चित्र त्याला कायमचं ठेवावंसं वाटलं! देवीच्या रूपात मढवली नाही, हे मला फार भावलं.

रोमन नाट्यगृह शेजारीच आहे. शतकानुशतकं ते मातीखाली गाडलेलं होतं. वरच्या बैठकीचे सात तुकडे तेवढे बाहेर डोकावायचे, आणि लोक त्यांना ‘सात खुर्च्या’ म्हणायचे. सात मूर राजे तिथे बसून खलबतं करत, अशी दंतकथाही होती. १९१० मध्ये होसे रामोन मेलिदा यांनी खोदायला घेतलं तेव्हा खुर्च्यांखालून अख्खं नाट्यगृह निघालं. संग्रहालयाच्या रस्त्याला त्यांचंच नाव आहे. रंगमंचावरचे मूळ पुतळे आता संग्रहालयात आणि त्यांच्या जागी नकला उभ्या. तुम्ही म्हणाल, हे उपटणंच झालं. पण मूळ जागा चालत पाच मिनिटांवर आहे, आणि आतलं बघून बाहेर पडलेला माणूस पावलांनीच तिकडे वळतो. उन्हाळ्यात त्याच रंगमंचावर रात्री ग्रीक-रोमन नाटकं होतात.

आपल्या कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातला कांस्याचा पोसायडन बघून किती जण पुढे ब्रह्मपुरीच्या टेकाडावर जातात? तो सापडला तिथेच ना? दिवाळीत आले की आपण दोघं जाऊ, वाटेत भांडायलाही वेळ मिळेल.

मामींना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा. या पत्राचं उत्तर मात्र लिहूनच पाठवा. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही.

तुमची भाची