रायतूरची वाट

प्रवासाला निघताना पिशवीत एखादे पुस्तक घालावे ही माझी जुनी खोड, आणि ते न उघडताच परत आणावे हीही तितकीच जुनी. गेल्या आश्विनात साष्टीतील रायतूरला जाण्याचा योग आला तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. ज्या ग्रंथासाठी जायचे तोच बरोबर घेतला: फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण'.

सोबत आत्याबाई होत्या. वय ऐंशीच्या पुढे आणि दृष्टी जवळजवळ गेलेली. "तुझं ते पुराण मला एकदा वाचून दाखव," असे त्या कित्येक वर्षे म्हणत आल्या होत्या. आणि "उपवासकाळात वाचू," "नाताळच्या सुटीत वाचू," असे म्हणत मी ते लांबवीत आलो होतो. त्याचे खरे कारण सांगताना संकोच वाटतो. चारशे वर्षांपूर्वीची ती मराठी मी स्वतः हातात पेन्सिल घेऊन कशीबशी उलगडतो. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला ती काय उमगणार, असे मला वाटे.

लोंढ्याला गाडी धरली. कॅसलरॉक मागे पडले की रेल्वे घाट उतरू लागते, बोगद्यांमागून बोगदे येतात, आणि डब्यातील सारे प्रवासी खिडक्यांशी गर्दी करतात. मी पुस्तकात डोके घालून बसलो होतो. "पाणी वाजतंय रे, दूधसागर आला वाटतं," असे आत्याबाई म्हणाल्या तेव्हा मी मान वर केली. पावसाळा नुकताच सरला होता. धबधबा भरात होता. डोळे असलेल्या माणसाला तो डोळे नसलेल्या माणसाने दाखवावा, याची मला त्या वेळी थोडी लाजच वाटली.

मडगावहून रायतूर फार लांब नाही. राय गाव ओलांडले की जुन्या किल्ल्याची कमान लागते. किल्ल्याचा बाकीचा पसारा काळाने गिळला; कमान तेवढी उभी आहे. पुढे टेकाडावर, जुवारी नदीच्या काठी, सेमिनरीची पांढरी, भक्कम वास्तू. सतराव्या शतकाच्या आरंभी येशूसंघाने हे विद्यालय बांधले. भिंतींवरील जुनी चित्रे अजून पाहावयास मिळतात. रंग फिके झाले आहेत, परंतु मला तरी फिके रंगच अधिक भावले. नव्याने रंगविलेल्या चित्रापुढे मन इतके थांबत नाही.

फादर स्टीफन्स मूळचे इंग्लंडचे. 1579 साली ते गोव्यात आले आणि 1619 मध्ये येथेच त्यांचे देहावसान झाले. मधली चाळीस वर्षे बहुतांशी या साष्टीत गेली. येथील भाषा ते नुसती शिकले नाहीत, तिच्यावर त्यांचा जीव जडला. त्यांनी रचलेले कोंकणीचे व्याकरण 1640 साली याच रायतूरला छापले गेले. भारतीय भाषेचे ते पहिले मुद्रित व्याकरण. पुराण त्याआधी, 1616 मध्ये येथेच छापले. नागरी अक्षरांचे ठसे नव्हते, म्हणून मराठी ओव्या रोमन लिपीत उतरल्या. पुढे 1649 आणि 1654 साली ते पुन्हा छापले गेले. परंतु त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. 1684 साली तर पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असे फर्मान काढले. तरीही ग्रंथ टिकला, तो हस्तलिखितांच्या आणि गाणाऱ्यांच्या आधाराने. 1907 साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि 1956 मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरीत आणला. माझ्या पिशवीत होती ती ह्याच देवनागरी आवृत्तीची, बांधणी सुटलेली प्रत.

हे सारे मी आत्याबाईंना मोठ्या उत्साहाने ऐकवीत होतो. देवळात प्रार्थना करून आम्ही बाहेर सावलीत टेकलो होतो. त्यांनी बराच वेळ ऐकून घेतले आणि विचारले, "पुस्तकाची गोष्ट सांगितलीस. पुस्तकात काय आहे ते कधी सांगणार?"

आता टाळण्यास जागा उरली नाही. काना गावच्या लग्नाचा भाग काढला आणि, वर्गात धडा वाचावा तसा, वाचू लागलो. चार-पाच ओव्या झाल्या असतील, तोच त्यांनी हात वर केला. "असं नव्हे. ही ओवी आहे ना? मग ओवीसारखी म्हण." आणि मी वाचलेली ओळ त्यांनी जात्यावरच्या चालीत धरली. पुराणातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड आणि मोकळा. जात्यावरची ओवी अशीच नसते, पण त्यांचा गळा अडला नाही; चौथ्या चरणाला त्या नुसता एक हुंकार जोडीत, जणू जाते एक फेरा पुरा करीत आहे. मी ओळ सांगावी आणि त्यांनी ती गावी, असे अर्धा तास चालले. ज्या शब्दांखाली मी पेन्सिलीने रेघा ओढल्या होत्या, त्यांतले कितीतरी त्यांना विचारावे लागले नाहीत. माहेरच्या बोलीत ते अजून नांदत होते. स्वर्गाला 'वैकुंठ' म्हटलेले ऐकून त्या हसल्या. "आमच्या शेजारणीचाच शब्द घेतला की पाद्रीबाबांनी!"

द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेच्या ध्यानी येते, तेथे त्यांनी मला थांबविले. "लग्नघरात काय कमी पडलं ते बाईलाच आधी कळतं. पंगतीत बसलेल्याला कुठलं कळायला?" हा प्रसंग मी किमान दहा वेळा वाचला होता. अलंकार मोजले होते, पाठभेदही पाहिले होते. त्या घरातील चुलीजवळ मात्र मी कधी गेलो नव्हतो.

ग्रंथाच्या प्रारंभीच सांगितले आहे की, नवख्रिस्ती लोकांनी आपल्या भाषेत पुराण मागितले म्हणून ते रचले गेले. ते मागणारे लोक जन्मभर पुराणे ऐकत आलेले होते. मी मात्र इतकी वर्षे ते दार लावून, एकट्यानेच वाचीत होतो.

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. घाट चढताना आत्याबाईंनी विचारले, "सगळ्या मिळून किती ओव्या?"

"अकरा हजारांच्या आसपास."

"रोज संध्याकाळी तेर्सानंतर वीस झाल्या तर?"

मी हिशेब केला. साडेपाचशे दिवस, म्हणजे दीड वर्ष. त्यांच्या वयाचा विचार मनात येऊन तो आकडा सांगण्यास माझी जीभ रेटेना, पण सांगितला.

त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "वीस नको, तीस वाच. आणि पहिल्यापासून."