काकडा, पिन आणि सहा वेढे

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. कारणं नेहमीचीच, म्हणजे कंटाळा. आज जे लिहिणार आहे ते ताईला ठाऊक आहे, आईला अर्धवट ठाऊक आहे, आणि उरलेल्या नातेवाइकांना आत्ता वाचताना कळेल. मामा, खुर्ची घट्ट धरून बसा.

तर मंडळी, मी बावीस वर्षं सिगरेट ओढत होतो. कॉलेजात सुरू झाली, लीड्सला आलो तरी सुटली नाही. ती सुटून आता चौदा महिने झाले. सुटली ती व्हेपमुळे. हातात मावणारी एक डबी, आत बॅटरी, वर छोटी टाकी. बटण दाबलं की तारेचं वेटोळं तापतं, त्याच्या पोटातल्या कापसाने शोषलेल्या द्रवाची वाफ होते आणि ती आपण ओढायची. त्यात निकोटीन असतं, म्हणजे व्यसन गेलेलं नाही, त्याने फक्त कपडे बदललेत. ह्याची जाहिरात करायला मी बसलेलो नाही. इंग्लंडमध्ये 2023 साली सरकारनेच सिगरेट सोडणाऱ्यांना व्हेपचे संच द्यायची योजना जाहीर केली, आणि भारतात 2019 च्या कायद्याने हीच वस्तू आणायला, विकायला, साठवायला बंदी आहे. एकच वस्तू, इकडे औषधाच्या रांगेत आणि तिकडे गुन्ह्याच्या! भारतात येताना मी ती इथेच ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि निकोटीनच्या गोळ्या चघळत दिवस काढतो. गेल्या खेपेला माझी चिडचिड का होत होती ते आता समजलं असेल.

माझी टाकी घरी बांधायच्या प्रकारातली आहे. तयार वेटोळं विकत आणायचं नाही. तार आपण गुंडाळायची, दोन खांबांना स्क्रूने कसायची, कापूस आपण भरायचा. स्वस्त पडतं हे एक कारण. खरं कारण म्हणजे सिगरेट सोडल्यावर ह्या हातांचं काय करायचं हा मोठा प्रश्न असतो, त्यांना काम मिळतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी एका मित्राने दोन 'क्लॅप्टन' वेटोळी दिली. जाड तारेवर केसासारखी बारीक तार गुंडाळून हे बनवतात, गिटारच्या तारेसारखं दिसतं, म्हणून ते नाव. "ढग निघतात ढग!" असं तो म्हणाला. मला ढग नको होते, पण फुकट मिळालं ना.. बसवलं. रविवारभर वाफ उशिरा येत होती, मी दुर्लक्ष केलं.

रविवारी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. कऱ्हाडात तेव्हा पहाटेचे पाच. बाबांना ॲडमिट केलं होतं. सीओपीडी आहे त्यांना, चाळीस वर्षांच्या विड्या-सिगरेटींची कमाई. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढला होता, तोंडावर मास्क लावून मशीनने श्वास देत होते. "आत्ता लगेच निघू नकोस, सकाळी डॉक्टर काय म्हणतात बघू," असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी बटण दाबलं. एक, दोन, तीन सेकंद.. काही नाही. मग कशीबशी एक कोमट फुंकर. परत दाबलं, तेच.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर रात्रभर उघडा असणारा पेट्रोल पंप आहे. तिथे सिगरेट मिळते. बाप सिगरेटीपायी श्वासाला महाग झालाय आणि पोरगा त्याच बातमीने सिगरेट आणायला निघालाय, ह्यातली गंमत मला दिसत नव्हती असं नाही. तरीही मी कोट घातला. बूटही घातले. किल्ली शोधताना स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्क्रूड्रायव्हर दिसला, म्हणून म्हटलं, पाच मिनिटं बघू.

लहानपणी आमच्याकडे पितळी स्टोव्ह होता. तो पेटवणं हे बाबांचं खातं. आधी स्पिरिटमधला काकडा लावून बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा. घाई केली तर रॉकेलची वाफ होत नाही, पिवळा भडका उठतो आणि घरभर वास. ज्योत मंद झाली की ते क्रमाने बघायचे: रॉकेल आहे का, हवा धरते का, पंपाचं वॉशर वाळलंय का, आणि मग पिन. "एका वेळी एकच बदल. दोन केलेस तर दुखणं कुठलं होतं ते कळायचं नाही."

म्हणून आधी बॅटरी बदलली, पूर्ण चार्ज केलेली घातली. फरक शून्य. म्हणजे बॅटरी नाही. मग 15 वॅट्सचे 25 केले. वाफ आली! पण दुसऱ्याच झुरक्याला जळक्या कापसाचा वास. इथे डोक्यात उजेड पडला. त्या क्लॅप्टनमध्ये साध्या तारेपेक्षा कितीतरी जास्त धातू. माझे 15 वॅट म्हणजे वाटीभर चहाच्या आचेवर लग्नाचं पातेलं ठेवल्यासारखं, तापणार कधी? आणि आच वाढवावी तर कापूस तेवढा रस पुरवू शकत नव्हता, कारण मी तो कोंबून भरला होता.

क्लॅप्टन काढून टाकलं. आपली 28 गेजची साधी कँथल तार घेतली, अडीच मिलिमीटरच्या दांड्यावर सहा वेढे. हे गणित पाठ आहे, 1.1 ओहमच्या आसपास येतं. पडद्यावर आलं 1.4. परत दाबलं, 1.3. मग 1.6.

आकडा असा नाचायला लागला की तारेचा दोष नसतो, जोडाचा असतो. स्क्रू कसून बघितला, तरी तेच. शेवटी स्क्रू पूर्ण काढून मोबाइलच्या टॉर्चखाली धरला, तर खाली क्लॅप्टनच्या बारीक तारेचा एक तुकडा अडकलेला. पापणीच्या केसाएवढा! त्याच्यामुळे नवी तार नीट दाबलीच जात नव्हती. चिमट्याने काढला. 1.1, आणि दहा वेळा दाबून 1.1.

मग कापूस नसताना हलकेच बटण दाबून बघितलं. वेटोळं मधून लाल व्हायला लागून दोन्ही कडांकडे पसरलं, म्हणजे ठीक. कापूस ह्यावेळी बेताने भरला, ओढला तर किंचित अडत सरकेल इतपत. टोकं विरळ केली. माझ्या द्रवात ग्लिसरीन जास्त, आणि बाटली संध्याकाळपासून गाडीत गारठून मधासारखी झालेली, ती मुठीत धरून बसलो. भरल्यावर पाच मिनिटं थांबलो, कापसाला पिऊ दिलं.

बटण दाबलं, तशी वाफ आली. दीड वाजला होता. कोट अंगातच होता.

सकाळी ताईचा फोन आला की आकडे उतरतायत. तिसऱ्या दिवशी मास्क निघाला आणि व्हिडिओवर बाबा दिसले. गालावर पट्ट्यांचे वळ. रात्रभर जागा का होतास म्हणाले. (ताईने सांगितलं असणार.) मी सगळं सांगितलं, पेट्रोल पंपासकट. ते शेवटपर्यंत ऐकत होते. मग दम घेत घेत म्हणाले, "म्हणजे पिनच मारायची होती."

"हो बाबा."

"दाखव बघू."

मी डबी कॅमेऱ्यासमोर धरली. बराच वेळ बघत होते. "इकडे मिळत नाही ना हे?"

"नाही. बंदी आहे. आणि तुम्हाला आता हेही नकोच, बाबा."

"मी कुठे मागतोय?" ते म्हणाले. मग थोडं थांबून, "स्टोव्ह अजून माळ्यावर आहे. येशील तेव्हा काढ. वॉशर चामड्याचं आहे, वाळलं असेल. तेलात घालून ठेवावं लागेल."

पुढच्या महिन्याच्या चौदा तारखेचं तिकीट काढलंय.