परीक्षकाची परीक्षा

सोन्याचा कस सोनाराने पाहावा, हे सर्वांस मान्य असते; परंतु विजेच्या उपकरणाचा कस कोणी पाहावा, असे विचारले की ज्याच्या खिशात टेस्टर तो परीक्षक, असे उत्तर मिळते. जत्रेपूर्वी आमच्या देवस्थानच्या समितीत हाच प्रश्न निघाला. अग्रशाळेतील गीझर, महाप्रसादाच्या स्वयंपाकघरातील ग्राइंडर आणि विहिरीवरचा पंप निर्धोक आहेत, हे कोणाच्या शब्दावर मानावयाचे? “नेहमीचा वायरमन सांगतो ना, सगळे चालू आहे म्हणून!” एक वडीलधारे महाजन म्हणाले.

चालू असणे व निर्धोक असणे या भिन्न गोष्टी होत. ग्राइंडरच्या धातूच्या कवचास जोडलेली अर्थिंगची तार तुटली, तरी वाटण पूर्वीसारखेच होते. पुढे आतील रोधक आवरण झिजून वीज कवचात उतरली, की ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या आचाऱ्याच्या देहातून ती जमिनीची वाट धरते. अर्थिंग अखंड आहे की नाही, हे टेस्टर सांगत नाही.

कायद्याकडे पाहावे, तर 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनी वायरिंगच्या कामासाठी परवानाधारक कंत्राटदार व सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेला पर्यवेक्षक आवश्यक ठरविला. दिवे, पंखे, घरगुती उपकरणे बदलण्यास मात्र सूट दिली. म्हणजे परवाना वायरिंगची ग्वाही देतो. उपकरण तपासण्याचे ज्ञान त्यावरून सिद्ध होत नाही. आयएसआय चिन्हाचेही तसेच. ते नव्या मालाविषयी बोलते, दहा वर्षे वाफेत राहिलेल्या यंत्राविषयी नव्हे. ब्रिटनच्या 1989 च्या विनियमांनी पदवीचे नाव न घेता, धोका टाळण्यास पुरेसे तांत्रिक ज्ञान वा अनुभव, एवढीच अट घातली. आम्हांस ती कसोटी अधिक कडक वाटते. कारण कागद दाखवून ती पुरी होत नाही.

म्हणून आम्ही समितीस तीन प्रश्न सुचविले. हा गृहस्थ अर्थिंगची अखंडता मापकाने मोजतो काय? आवरणाचा रोध 500 व्होल्टच्या मापकाने पाहून, आलेल्या आकड्याचा अर्थ सांगू शकतो काय? आणि तो आकडा तारखेसह वहीत लिहून खाली सही करतो काय? सही करण्यास जो कचरतो, त्याने आपली पात्रता स्वतःच सांगितली, असे समजावे.

अशी वही मागण्याचा अधिकार महाजनांचा खरा. तिची गरज मात्र सर्वांआधी त्या अनवाणी आचाऱ्यास आहे.