नेहमीचाच

"मावशी, वायफायचा पासवर्ड काय आहे?"

मे २०२४ चा शेवटचा आठवडा, नवतपा ऐन भरात आणि दुपारचा एक वाजलेला. याच आठवड्यात नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश तापमान दाखवून देशभर खळबळ उडवली होती. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला, पण आम्हा नागपूरकरांना तो आकडा मनातून पटलेलाच होता. खिडकीत कूलर घरघरत होता. त्याच्यासमोर बसायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, म्हणून भाच्यानं तोच प्रश्न दुसऱ्यांदा ओरडून विचारला.

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला पासवर्ड माहीत नव्हता.

बाबांना ऐंशी पूर्ण होणार म्हणून ताई आणि भाचा पुण्याहून आले होते. भाच्याला सुटी मिळाली नव्हती, म्हणून तो ऑफिसचा लॅपटॉप घेऊनच आलेला. अडीच वाजता त्याची मीटिंग. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, मागच्या खोलीत मोबाइलचं नेटवर्क एक काडी दाखवतं आणि तीही लाजत लाजत. वायफाय मात्र घरात २०१९ पासून आहे. माझ्या फोनवर आहे, बाबांच्या फोनवर आहे, टीव्हीवर आहे, लेकीच्या लॅपटॉपवर आहे. चार-पाच वर्षं आम्ही सगळे त्यावर जगतो आहोत आणि पासवर्ड एकालाही ठाऊक नाही. लेकीला फोन लावला, तर ती क्लासमध्ये. फोन बंद.

"बाबा, वायफायचा पासवर्ड?"

बाबा एजी ऑफिसातून निवृत्त झाले. म्हणजे आयुष्यभर सरकारी खात्यांचे हिशेब तपासले. असा माणूस काही लक्षात ठेवत नाही, तो लिहून ठेवतो. त्यांनी कपाटातून निळी डायरी काढली. गॅस सिलिंडर कधी लागला, कूलरची खस कधी बदलली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घातलं, सगळं तारीखवार. २०१९ चं पान सापडलं. त्यावर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात नोंद होती: 'वायफाय बसवले. पासवर्ड – नेहमीचाच.'

"नेहमीचा म्हणजे कोणता?"

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नेहमीचा म्हणजे... आता पाच वर्षं कोणी विचारलाच नाही ना!"

राउटर फ्रिजवर असतो. खाली उतरवला, उलटा केला. पोटावरच्या स्टिकरवर कंपनीनं छापलेला पासवर्ड होता. भाच्यानं तो घातला, चालला नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी तो बदलून घेतला होता, आणि त्यालाही कारण होतं. जुलै २००८ मध्ये अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वाहिन्यांना आलेल्या ई-मेलचा माग काढत पोलीस नवी मुंबईत पोचले होते. ज्या अमेरिकी रहिवाशाच्या जोडणीवरून तो मेल गेला, त्याचं वायफाय उघडं होतं. कुणीतरी बाहेरच्यानं ते वापरलं होतं. बाबांनी ते कात्रण जपून ठेवलेलं. आमच्याकडे तेव्हा वायफाय नव्हतं, कॉम्प्युटरही नव्हता. पण ऑडिटवाल्याला धडा घ्यायला स्वतःचं नुकसान लागत नाही.

तेवढ्यात शेजारच्या काकू पन्ह्याचा जग घेऊन आल्या. परिस्थिती ऐकून म्हणाल्या, "त्यात काय, मागं बारीक भोक असते ना, त्यात पिन टोचा. सगळं होऊन जाते." आणि पदराची सेफ्टी पिन काढलीसुद्धा. मी राउटर अक्षरशः छातीशी धरला. त्या भोकात पिन टोचली की राउटर कारखान्यातून आला तसा कोरा होतो. वायफायचा पासवर्ड तर पुसला जातोच, पण नेट देणाऱ्यानं भरून दिलेलं युजरनेम आणि त्याचा वेगळा पासवर्डही जातो. मग नेटवाल्या पोराला फोन करायचा. तो म्हणतो, "उद्या येतो ताई." उद्या म्हणजे कोणता दिवस, हे त्याच्या डायरीत असेल.

काकूंनी पिन परत पदराला लावली. थोड्या नाराजीनंच.

"मावशी, तुझा फोन दे," भाचा म्हणाला. सेटिंग, वायफाय, आमच्या घराचं नाव. आत पासवर्डच्या जागी काळे ठिपके. ठिपक्यांवर बोट दाबलं तरी ठिपके ते ठिपकेच. मला नवल वाटलं. फोन माझा, वायफाय आमचं, बिल मी भरते, आणि फोन मलाच सांगत नाही. भाच्यानं समजावलं. माझा फोन जुना, त्यातलं अँड्रॉइडही जुनं. पूर्वी हा पासवर्ड फोनच्या पोटातल्या एका फाइलमध्ये दडलेला असायचा आणि तिथपर्यंत पोचायचं तर फोन 'रूट' करावा लागायचा, म्हणजे कुलपं तोडून आत शिरायचं आणि वॉरंटीवर पाणी सोडायचं. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं, त्यात 'शेअर' असं एक बटण दिलं गेलं.

नवा फोन घरात एकच, बाबांचा. ताईनं दिवाळीला दिलेला. त्यावर ते सकाळी भजनं ऐकतात आणि रात्री बातम्या.

बाबांच्या फोनवर नेटवर्कच्या नावाशेजारचं दातेरी चाक दाबलं. 'शेअर' दिसलं. ते दाबल्यावर फोन म्हणाला, आधी तुम्ही कोण ते सिद्ध करा. बोट ठेवा. बाबांनी अंगठा ठेवला. नाही. पुसून ठेवला. नाही. ऐंशीव्या वर्षी अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या असतात, बँकेत आणि रेशन दुकानात हा अनुभव घेऊन झाला आहे. "पिन टाका आजोबा," भाचा म्हणाला. बाबांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं, खुर्ची फिरवली, आमच्याकडे पाठ केली आणि एकेक आकडा दाबला. काकूसुद्धा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन उमटला. दुकानात पैसे द्यायला असतो तसा क्यूआर कोड. भाच्यानं आपला फोन त्यावर धरला आणि क्षणात जोडला गेला. टाळ्या वाजल्या. पण काम फोनचं नव्हतं. लॅपटॉपच्या पडद्यावर रिकामी चौकट होती आणि तिला अक्षरं हवी होती. काही फोन त्या चौकोनाखाली बारीक अक्षरात पासवर्डही लिहितात. बाबांचा फोन लिहीत नव्हता.

"काही हरकत नाही. तो त्या चौकोनात लिहिलेलाच आहे," भाचा म्हणाला. "तुझ्या फोननं याचा फोटो काढ आणि मला पाठव."

मी फोटो काढला आणि पाठवला. कुठं पाठवला, ते दोन सेकंदांनी कळलं. अमरावतीच्या आत्यांनी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं. त्यामागोमाग एका चुलतभावानं विचारलं, "कायचे पैसे द्यायचे आहेत?" आमच्या खानदानी ग्रुपवर एकेचाळीस माणसं आहेत.

"डिलीट फॉर एव्हरीवन!" भाचा किंचाळला. कूलर बंद असता तर चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असतं. मी पुसला. आत्यांचे हात जोडलेलेच राहिले.

मग तो फोटो गूगल लेन्समध्ये उघडला, आणि मी आजवर जे गूढ समजत होते ते एका साध्या ओळीत समोर आलं. हा क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत मोटारीच्या सुट्या भागांवर नजर ठेवण्यासाठी तयार झाला. त्याला कुलूप नसतं, तो फक्त वेगळ्या लिपीत लिहिलेला मजकूर असतो. आमच्या चौकोनात लिहिलं होतं: आधी 'वायफाय', मग 'टी' म्हणजे सुरक्षेचा प्रकार, 'एस' म्हणजे नेटवर्कचं नाव आणि 'पी' म्हणजे पासवर्ड. त्या 'पी'पुढे आणखी दोन पी आणि सहा आकडे.

मी आकडे मोठ्यानं वाचले.

"अरे, हा तर वकीलकाकांचा नंबर!" बाबा खुर्चीतून उठले. "नेहमीचाच!"

वकीलकाका म्हणजे महालातल्या आमच्या वाड्यातले, बडकस चौकाजवळ. १९८५-८६ ची गोष्ट. तेव्हा घरी फोन हवा तर अर्ज करून वर्षानुवर्षं रांगेत राहायचं. अख्ख्या वाड्यात फोन एक, वकीलकाकांच्या ओसरीवर, काळा, डायलचा, लोकरीच्या रुमालाखाली. त्याचा नंबर सहा आकडी. बाबांच्या ऑफिसच्या कागदावर, आमच्या शाळेच्या फॉर्मवर, ताईच्या साखरपुड्याच्या पत्रिकेवर, सगळीकडे तोच नंबर आणि पुढे कंसात 'पी.पी.' पर्टिक्युलर पर्सन, असं बाबा सांगायचे. ट्रंक कॉल ठरावीक माणसासाठी बुक करताना हाच शब्द वापरत. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की फोन दुसऱ्याचा आणि निरोप आपला.

फोन आला की वकीलकाकू चौकात येऊन हाक मारायच्या आणि आम्ही दोघी बहिणी जिन्यावरून गडगडत खाली जायचो. आधी बोलणाऱ्याला "येऊन राहिले, थांबा" सांगायचं, मग बाबांना बोलवायचं. रात्री नऊनंतर फोन नाही, हा काकूंचा नियम. एकदाच मोडला, आजी गेल्याचा निरोप आला तेव्हा. फोनचे पैसे काकांनी कधी घेतले नाहीत. आईनं सांबारवडी केली की पहिली ताटली त्यांच्याकडे जायची, एवढंच. (पुण्याकडच्या वाचकांसाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. यावर वाद नको.)

२०१९ मध्ये वायफाय बसवायला आलेला पोरगा म्हणाला होता, "काका, नवीन पासवर्ड सांगा." बाबांनी डोळे मिटून सहा आकडे सांगितले. तो म्हणाला, "कमीत कमी आठ लागतात." वायफायची ती अट असतेच, आठपेक्षा कमी अक्षरं घेत नाही. मग बाबांनी आकड्यांच्या आधी पी पी लावायला सांगितले. आठ झाले. ते सहा आकडे मी इथं लिहीत नाही, वकीलकाकांचा मुलगा अजून तिथंच राहतो.

गंमत अशी, की 'वायफायचा पासवर्ड काय' असं विचारल्यावर बाबांना तो आठवत नव्हता. 'वकीलकाकांचा नंबर काय' असं विचारलं असतं तर झोपेतून उठून सांगितला असता.

भाच्याची मीटिंग अडीचला सुरू झाली. तीन वाजता ताई बर्डीवरून आली, डोक्याला दुपट्टा, हातात पिशव्या. सगळी हकीकत ऐकून तिनं पर्समधून आयफोन काढला. वायफायच्या पानावर 'एडिट' दाबलं, जुन्या नेटवर्कच्या यादीत आमच्या घराचं नाव काढलं, फोनला तोंड दाखवलं, आणि ठिपक्यांच्या जागी पासवर्ड. दहा सेकंदही नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या आयओएस १६ पासून ही सोय आहे म्हणे. आणि नेटवर्कच्या टापूत असण्याचीही गरज नाही. "मला बर्डीला फोन केला असता तर साडीच्या दुकानातून सांगितला असता," ती म्हणाली. मी उत्तर दिलं नाही. पिशव्या आत नेऊन ठेवल्या.

संध्याकाळी भाच्यानं फर्मान काढलं की पासवर्ड बदलायचा. एक तर मी तो एकेचाळीस जणांना वाटला होता. दुसरं, फोन नंबर घालणं हीच चूक; सहा आकड्यांच्या शक्यता अवघ्या दहा लाख, कॉम्प्युटर त्या चहा गाळेपर्यंत तपासून मोकळा होतो. त्यानं राउटरचं पान उघडलं आणि जोडलेल्या उपकरणांची यादी वाचायला लागला. आमचे सगळे हिशेबात आले. एक उरला.

"आजोबा, हा कोण? तुमचं वायफाय कोणीतरी चोरून राहिलं," पुण्याचा भाचा चार दिवसांत नागपुरी बोलायला लागला होता.

"चोरून नाही," बाबा म्हणाले. "तो पी.पी. आहे."

२०२० च्या जूनमध्ये शाळा मोबाइलवर सुरू झाल्या, तेव्हा आमच्या इमारतीखाली इस्त्रीची गाडी लावणाऱ्याची मुलगी दहावीत होती. घरात फोन एक आणि डेटा दीड जीबी. बाबांनी तिला जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायला सांगितलं, कारण तिथं आमचं वायफाय भिंतीतून चांगलं येतं, आणि पासवर्ड सांगितला. २००८ चं कात्रण जपणाऱ्या माणसानं! वर्षभर ती तिथं बसली. मांडीवर वही, समोर फोन. २०२१ मध्ये दहावीची परीक्षाच रद्द झाली, तेव्हा ती त्याच पायरीवर बसून रडली होती, एवढा अभ्यास केला म्हणून. आता ती बी.कॉम.ला आहे.

हे सांगून होतंय तोच बेल वाजली. तीच होती, कपड्यांचा गठ्ठा घेऊन. ताईनं सहज विचारलं, "काय गं, तुझ्या फोनमध्ये आमच्या वायफायचा पासवर्ड सेव्ह आहे का?"

"फोनमध्ये कायले?" ती म्हणाली. "मले पाठ आहे ना." आणि तिनं दोन पी आणि सहा आकडे घडाघडा म्हणून दाखवले.

भाचा माझ्याकडे बघत राहिला. बाबांनी डायरीत 'नेहमीचाच' हा शब्द खोडला नाही, त्याच्या खाली तारीख टाकून नवी नोंद केली: 'बदलला. नातवास विचारणे.' नवा पासवर्ड चौदा अक्षरांचा आहे, मध्येच मोठं अक्षर, मध्येच आकडा, एक उद्गारचिन्ह. घरात अजून कुणालाही तो न बघता येत नाही. भाच्यानं तिला तो सावकाश वाचून दाखवला. तिनं दोनदा पुटपुटला, इस्त्रीचे बासष्ट रुपये घेतले आणि निघून गेली.